सापडलं कुठे, हा पहिला प्रश्न

१८ सप्टेंबर २०१२. रोममध्ये, व्हॅटिकनपासून हाकेच्या अंतरावर, कॉप्टिक या इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या प्राचीन भाषेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे हार्वर्डच्या प्राध्यापक कॅरन किंग यांनी पपायरसचा, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदाचा, एक तुकडा जगापुढे आणला. जेमतेम चार सेंटिमीटर उंच आणि आठ सेंटिमीटर लांब. त्यावर कॉप्टिकमधल्या आठ अर्धवट ओळी होत्या. त्यांतली एक ओळ अशी: 'येशू त्यांना म्हणाला, माझी पत्नी...' पुढचा भाग फाटलेला. हा येशूच्या लग्नाचा पुरावा नव्हे, असं किंग यांनी तेव्हाच बजावलं होतं. पण 'येशूच्या पत्नीचं शुभवर्तमान' (शुभवर्तमान म्हणजे येशूचं जीवन आणि शिकवण सांगणारा ग्रंथ) हे नाव त्यांनीच दिलं होतं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांना तेवढं पुरेसं होतं.

येशूचं लग्न झालं होतं का, चर्चने ते दडवलं का, यावर महिनोन् महिने चर्चा झडली. हा तुकडा आला कुठून, हा प्रश्न मात्र मूठभर अभ्यासकच लावून धरत होते. तो कोणत्याही उत्खननात निघाला नव्हता. मालकाचं नाव गुप्त होतं, आणि सोबतची कागदपत्रं त्याच मालकाने दिलेली होती. २०१४ साली प्रयोगशाळेचे निष्कर्ष आले: पपायरस खरोखर जुना, सातव्या ते नवव्या शतकातला, शाईही प्राचीन पद्धतीची, काजळीची. पुष्कळांना वाटलं, प्रश्न मिटला. तो मिटला नव्हता. त्याच मालकाने योहानाच्या शुभवर्तमानाचा आणखी एक कॉप्टिक तुकडा दिला होता, आणि दोन्हींवरचं हस्ताक्षर एकच दिसत होतं. ख्रिश्चन आस्कलंड या तरुण अभ्यासकाने तो दुसरा तुकडा १९२४ साली छापलेल्या एका हस्तलिखिताशी ताडून पाहिला. छापील पुस्तकातली एक ओळ घ्यायची, एक सोडायची, या हिशोबाने ती नक्कल उतरवलेली होती. ओळी जिथे तुटतात त्या जागासुद्धा जुळत होत्या. शिवाय ज्या बोलीत तो मजकूर होता, ती बोली पपायरस तयार होण्याच्या आधीच वापरातून गेली होती. २०१६ साली एका पत्रकाराने मालकाचा माग काढला, तेव्हा किंग यांनीही हा तुकडा बहुधा बनावट असल्याचं मान्य केलं.

जुना कोरा पपायरस बाजारात विकत मिळतो, काजळीची शाई घरी बनवता येते. कार्बन चाचणी पपायरसचं वय सांगते, त्यावर लिहिलं कधी हे सांगत नाही. ते खात्रीने सांगू शकणारा एकच साक्षीदार असतो: ज्या मातीतून वस्तू निघाली ती माती. बनावट तुकड्याला नेमका तोच साक्षीदार नसतो.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. आद्य ख्रिस्ती जगाशी नातं सांगणारी जी वस्तू कुठे, कशी, कोणी उकरून काढली याची विश्वासार्ह नोंद नाही, ती संग्रहालयांनी विकत घेऊ नये, विद्यापीठांनी तिच्यावर प्रबंध छापू नयेत आणि वृत्तपत्रांनी तिला 'शोध' म्हणू नये. ही अट पुष्कळांना टोकाची वाटते. मला ती किमान अट वाटते.

या क्षेत्रात हा मोह इतका मोठा का, याचं कारण साधं आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, इ.स. ३१३ साली, ख्रिस्ती लोकांना उघडपणे उपासना करायची मोकळीक मिळाली. त्याच्या आधीच्या पावणेतीनशे वर्षांतल्या ख्रिस्ती लोकांच्या खुणा जमिनीत फार थोड्या सापडतात. हे लोक इतरांसारख्याच घरांत राहत, तेच दिवे लावत, त्याच भांड्यांत जेवत आणि त्याच दफनभूमीत पुरले जात. वेगळं असं काही बांधावं इतका पैसा नव्हता आणि सुरक्षितताही नव्हती. त्यामुळे जे थोडं मिळतं त्याला सोन्याचा भाव येतो. श्रद्धावंताला शुभवर्तमान खरं असल्याचा पुरावा हवा असतो, तर शंकेखोराला चर्च खोटं असल्याचा. दोघांची भूक दलालाच्याच पथ्यावर पडते.

मातीतली नोंद शाबूत असली की केवढं हाती लागतं, याचं मला सर्वांत प्रिय उदाहरण म्हणजे सीरियातलं ड्युरा-युरोपोस. युफ्रेटिसच्या काठावर, उंच कड्यावर वसलेलं हे शहर. ग्रीकांनी वसवलं, पार्थियनांनी वाढवलं, इ.स. १६५ च्या सुमारास रोमनांनी घेतलं. आधुनिक जगाला ते सापडलं १९२० साली, आणि तेही ब्रिटिशांच्या हिंदी फौजेमुळे. पहिल्या महायुद्धानंतर तिथे तळ ठोकलेले शिपाई खंदक खणत असताना त्यांच्यासमोर एक रंगवलेली भिंत आली. कॅप्टन मर्फी या अधिकाऱ्याने वरिष्ठांना कळवलं आणि पुरातत्त्वाच्या जगात खळबळ उडाली. पुढे १९२८ ते १९३७ या काळात अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमी यांनी मिळून तिथे पद्धतशीर उत्खनन केलं.

या शहराचा नाशच आपल्यासाठी वरदान ठरला. इ.स. २५६ च्या सुमारास इराणचा ससानी सम्राट शापूर याचं सैन्य चालून येणार हे कळल्यावर रोमन शिबंदीने पश्चिमेच्या तटाला आतून आधार देण्यासाठी तटालगतचा रस्ता आणि त्याला लागून असलेल्या इमारती मातीने भरून टाकल्या. शहर तरीही पडलं, ओस झालं आणि पुन्हा वसलं नाही. त्या भरावाखाली, एकाच तटाच्या आडोशाला, यहुद्यांचं सभास्थान, मिथ्र देवाचं मंदिर आणि ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनाघर अशी तिन्ही स्थळं टिकून राहिली. प्रार्थनाघर १९३१-३२ च्या हंगामात उजेडात आलं. कॉन्स्टंटाइनच्या आधीची आणि काळ खात्रीने ठाऊक असलेली ख्रिस्ती उपासनेची दुसरी एवढी पूर्ण वास्तू जगात नाही.

ते मुळात एक साधं घर होतं. मध्ये अंगण, भोवती खोल्या. एका भिंतीच्या ओल्या गिलाव्यात कोणीतरी तारीख कोरली, ती आपल्या हिशोबाने इ.स. २३२-२३३ येते. त्यानंतर काही वर्षांनी घर ख्रिस्ती मंडळींकडे आलं. त्यांनी दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक लांबट सभागृह केलं, एका टोकाला बुटका चौथरा बांधला. साठ-सत्तर माणसं दाटीवाटीने बसतील एवढी ती जागा. आधीच्या मालकाच्या काळातली, मद्यदेव डायोनायससची चिन्हं असलेली प्लास्टरची पट्टी त्यांनी भिंतीवर तशीच राहू दिली. मला या पट्टीचं फार अप्रूप वाटतं. पंडितांच्या ग्रंथांतले आद्य ख्रिस्ती मूर्तिपूजेच्या सावलीलाही उभे राहत नाहीत. ड्युराचे ख्रिस्ती मात्र ती पट्टी डोक्यावर असताना प्रार्थना करत होते. ही गोष्ट कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नव्हती, ती भिंतीवरच होती.

घराच्या एका कोपऱ्यातली लहान खोली बाप्तिस्म्यासाठी होती. तिथे एका टोकाला बांधीव कुंड, त्यावर खांबांवर तोललेली कमान. कुंडामागच्या भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला उत्तम मेंढपाळ आणि त्याच्या खाली, अगदी लहान आकारात, आदाम आणि हव्वा. बाजूच्या भिंतीवर येशूच्या शब्दावर उठून आपली खाट खांद्यावर टाकून चालू लागलेला पक्षाघाती आणि पाण्यावर चालणारा येशूचा शिष्य पेत्र. दुसरीकडे मशाली घेऊन एका मोठ्या पांढऱ्या पेटीसारख्या वास्तूकडे निघालेल्या स्त्रियांची रांग. एका कोपऱ्यात विहिरीवर वाकलेली एकटी स्त्री. भिंतींवर लोकांनी आपली नावंही ओरखडली आहेत. त्यांतल्या प्रोक्लस आणि सिसेओस या दोघांना आपल्याला कुणी विसरू नये असं वाटत होतं, एवढंच आपल्याला त्यांच्याविषयी ठाऊक आहे.

आता या चित्रांवरून आजही जो वाद चालू आहे तो पाहा. मशालवाल्या स्त्रिया येशूच्या रिकाम्या कबरीकडे निघाल्या आहेत, असं उत्खनन करणाऱ्यांना वाटलं. मायकेल पेपर्ड या अभ्यासकाने अलीकडे वेगळं मांडलं: ही येशूच्या दृष्टांतातल्या, वराला भेटायला निघालेल्या कुमारींची मिरवणूक असावी, आणि विहिरीवरची स्त्री ही येशूशी विहिरीवर बोललेली शोमरोनी स्त्री नसून येशूची आई मरिया असावी. तसं असेल तर ते मरियेच्या ज्ञात चित्रांपैकी सर्वांत जुन्यांत मोडेल. हे मत सगळ्यांना पटलेलं नाही. पण वाद घालता येतो कशामुळे? दार कुठे होतं, बाप्तिस्मा घ्यायला आत येणाऱ्याची नजर आधी कुठे पडत असेल, रांग कुंडाच्या दिशेने जाते की उलट, हे सगळं नोंदवलेलं आहे म्हणून. चित्रं हलवण्याआधी तिथेच काढलेले फोटो आणि रेखाटनं आहेत म्हणून. मूळ रंग आज बरेच फिके झाले आहेत. पेपर्ड यांच्या मांडणीतला एक महत्त्वाचा दुवा त्या जुन्या रेखाटनातून आलेला आहे. हीच स्त्री भिंतीतून कापून एखाद्या लिलावात आली असती, तर 'विहिरीवरची स्त्री, रोमन काळ, पूर्व भूमध्य प्रदेश' एवढ्यावर तिची ओळख संपली असती.

त्याच भरावात १९३३ साली चर्मपत्राचा एक तुकडा मिळाला. चार शुभवर्तमानांची एकत्र गुंफण केलेल्या ग्रीक मजकुराच्या त्यावर चौदाएक ओळी आहेत. आकाराने क्षुल्लक, पण तो २५६ च्या आधीचा आहे हे कुणाच्या मतावर अवलंबून नाही. भराव घातला गेला त्याआधी तो लिहिलेला असणारच. शुभवर्तमानांच्या बहुतेक सगळ्या जुन्या पपायरसांचा काळ केवळ हस्ताक्षराच्या वळणावरून ठरवलेला असतो, आणि त्या पद्धतीत पन्नास-शंभर वर्षं इकडची तिकडे सहज होतात.

रोमच्या भुयारी दफनभूमींचा इतिहासही हेच शिकवतो, फक्त उलट बाजूने. १५७८ साली व्हिया सालारियाजवळ एक भुयार अचानक उघडं पडलं, आणि त्यानंतरची दोन-अडीचशे वर्षं तिथली हाडं 'हुतात्म्यांचे अवशेष' म्हणून बव्हेरिया, स्वित्झर्लंडपर्यंत जात राहिली. त्या सांगाड्यांना रत्नजडित वस्त्रं चढवली गेली आणि पाहिजे ती नावं दिली गेली. त्यात अनेक साधी माणसं होती, ज्यांची खरी नावं कदाचित कबरीवर कोरलेली असतील. हाडं निघाली तशी ती माहिती गेली.

आणि मग १८४९ साली जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या तरुण अभ्यासकाला आप्पियन रस्त्यालगतच्या एका द्राक्षमळ्यात संगमरवराचा फुटका तुकडा दिसला. अक्षरं होती '...नेलिउस हुतात्मा'. दे रोस्सीने त्या तुकड्याला त्याच्या जागेसकट वाचलं. पोप कॉर्नेलियसची कबर याच परिसरात होती असं जुन्या यात्रेकरूंच्या टिपणांत होतं. म्हणजे कबर इथेच कुठेतरी पायाखाली असणार. त्याने नववे पोप पायस यांना तो मळा विकत घ्यायला लावला. १८५२ साली कबर सापडली, आणि तिथेच दगडाचा उरलेला भाग, नावाची पहिली अक्षरं असलेला. दोन वर्षांनी शेजारीच तिसऱ्या शतकातल्या पोपांचं दफनघर निघालं. तो तुकडा दे रोस्सीच्या आधी एखाद्या हौशी संग्राहकाने उचलून नेला असता, तर भुयार तसंच अंधारात राहिलं असतं.

आजचा हौशी संग्राहक फार मोठा आहे. अमेरिकेत हस्तकलेच्या सामानाची साखळी दुकानं चालवणाऱ्या ग्रीन कुटुंबाने २००९ पासून बायबलच्या जगातल्या वस्तू झपाट्याने जमवायला सुरुवात केली. त्यांच्या पुढाकाराने २०१७ साली वॉशिंग्टनमध्ये बायबलचं भव्य संग्रहालय उघडलं. त्याच वर्षी त्यांच्या कंपनीने ३० लाख डॉलर भरून अमेरिकी सरकारशी तडजोड केली. इराकमधून आलेल्या हजारो मृत्तिकापट्ट्या आणि मुद्रा 'फरशीचे नमुने' अशा चिठ्ठ्या लावून देशात आणल्या गेल्या होत्या. पुढे संग्रहालयाने मोठ्या किमतीला घेतलेले मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे, म्हणजे त्या समुद्राकाठच्या गुहांत मिळालेल्या प्राचीन यहुदी हस्तलिखितांचे, १६ तुकडे तपासले गेले आणि २०२० साली निष्कर्ष आला: सोळाच्या सोळा बनावट. त्याच वर्षी संग्रहालयाने सांगितलं की मूळस्थानाची पुरेशी कागदपत्रं नसलेल्या सुमारे ११,५०० वस्तू इजिप्त आणि इराकला परत करू. त्यांत पाच हजारांच्या घरात पपायरस होते.

संग्रहालयाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तपासणी त्यांनी स्वतः करवून घेतली, निकाल लपवला नाही आणि वस्तू परत केल्या. पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. त्या वर्षांत अमेरिकेत काही उत्साही मंडळी इजिप्तच्या ममींचे मुखवटे जाहीर प्रात्यक्षिकांत भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात विरघळवत होती, का, तर ते रद्दी पपायरसचे थर देऊन बनवलेले असत आणि त्यात बायबलच्या नव्या करारातलं एखादं पान असेल या आशेने. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी चेहऱ्यावर ठेवलेला मुखवटा, कुणाचा होता हे न विचारता, हातात चुरगळून संपवायचा! त्याच काळात 'पहिल्या शतकातलं मार्कचं शुभवर्तमान सापडलं' अशी आवई उठली. हजारो प्रवचनांत ती पोचली. २०१८ साली तो तुकडा रीतसर प्रसिद्ध झाला तेव्हा कळलं की तो पहिल्या शतकातला नाही, दुसऱ्याच्या अखेरीचा किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीचा आहे. आणि तो मुखवट्यातून आलेला नसून इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे शंभरावर वर्षांपूर्वी खणलेल्या, ऑक्सफर्डमध्ये ठेवलेल्या ठेव्यातला आहे. २०१९ साली त्या ठेव्याच्या मालक संस्थेने, इजिप्त एक्सप्लोरेशन सोसायटीने, आपले तेरा तुकडे वॉशिंग्टनच्या संग्रहालयात निघाल्याचं जाहीर केलं. संस्थेच्या कपाटातलेच तुकडे परवानगीवाचून बाजारात गेले होते. मागणी एवढी पेटली की ती ग्रंथालयाच्या कुलपापाशीही थांबत नाही.

ऑक्सिरिंकसचं नाव निघालं आहे तर त्याचीही एक बाजू. ग्रेनफेल आणि हंट या दोघा ब्रिटिश अभ्यासकांनी १८९६ पासून तिथले उकिरडे खणून लाखो तुकडे आणले. त्यातलं एक पत्र माझ्या मनातून जात नाही. कोप्रेस नावाचा माणूस दाव्यासाठी दूरच्या शहरात गेला आहे. तिथे कळतं की कोर्टात उभं राहायचं तर आधी रोमन देवांना बळी अर्पण करावा लागेल. तो बायकोला सरापियासला कळवतो की मी माझ्या भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं. काय अडचण होती ते लिहीत नाही, पण अक्षरांच्या संक्षेपाची खास ख्रिस्ती पद्धत तो वापरतो. छळाच्या काळातला एक संसारी माणूस धर्मही सोडत नाही आणि जमिनीचा दावाही सोडत नाही. मात्र हे पत्र कोणत्या थरात, कोणत्या कागदांच्या सोबत पडलेलं होतं ते ग्रेनफेल आणि हंट यांनी नोंदवलं नाही. नोंदवलं असतं, तर कोप्रेसचं घर, त्याचे शेजारी, तो दावा, यांचा माग लागण्याची संधी होती. नोंद न ठेवता खणणं हा गुन्हा त्या काळी नव्हता. पण तोटा आजच्याइतकाच झाला.

माझ्या म्हणण्याला सर्वांत वजनदार आक्षेप मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचा आहे आणि तो टाळता येत नाही. १९४७ साली बेदुइन मेंढपाळांना गुहेत त्या मिळाल्या. त्या विकत घेतल्या गेल्या नसत्या तर काय झालं असतं? मिळालेल्या तुकड्यांचे संशोधकांनी चौरस सेंटिमीटरच्या हिशोबाने पैसे मोजले आणि त्यामुळेच पुष्कळ काही वाचलं, हे खरं आहे. पण त्या गुंडाळ्यांवर विश्वास केव्हा बसला, तेही पाहायला हवं. १९४९ साली पहिल्या गुहेचा पत्ता लागला, हार्डिंग आणि द व्हो या पुरातत्त्वज्ञांनी ती रीतसर खणली, आणि बाजारातून आलेल्या गुंडाळ्यांचेच सुटे तुकडे तिथल्या मातीत मिळाले. विकत घेतलेल्या वस्तूला तिची गुहा परत मिळाली, म्हणून ती पुरावा झाली. शिवाय ही खरेदी एका ज्ञात ठिकाणाहून येणारा माल तिथल्या तिथे, सार्वजनिक संग्रहासाठी रोखण्याची होती. २००२ नंतर जगभरच्या श्रीमंतांना सत्तरहून अधिक 'नवे' तुकडे विकले गेले, त्यामागे कोणतीही गुहा नव्हती. वॉशिंग्टनचे सोळा त्यांतलेच.

'बाजाराने वाचवलं' असं म्हणणाऱ्यांना मी यहूदाच्या, म्हणजे येशूला पकडून देणाऱ्या शिष्याच्या नावावरच्या, शुभवर्तमानाचा प्रवासही विचारेन. १९७०च्या दशकात इजिप्तमध्ये ते कॉप्टिक हस्तलिखित निघालं. शेजारी काय होतं याची उत्खननातली नोंद नाही. दलालाला मनाजोगी किंमत मिळेना म्हणून ते न्यूयॉर्कजवळच्या एका बँकेच्या लॉकरमध्ये सोळा वर्षं पडून राहिलं. नंतर एका व्यापाऱ्याने ते फ्रीजरमध्ये ठेवलं. दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती आलं तेव्हा सुमारे हजार तुकडे झाले होते. इजिप्तच्या कोरड्या वाळूत सोळाशे वर्षं टिकलेली पानं बाजारात तीस वर्षं टिकली नाहीत.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो जास्त अस्वस्थ करतो. ड्युराच्या बाप्तिस्मा-खोलीची चित्रं आज सीरियात नाहीत, येलच्या संग्रहालयात आहेत. फ्रेंच अंमलात झालेल्या वाटपात ती गेली. सभास्थानाची चित्रं दमास्कसला राहिली. मग परवान्याने नेलेलं चालतं आणि चोरून नेलेलं चालत नाही, हा कोणता न्याय? उत्तर असं, की वाटप न्याय्य नव्हतं, आणि ती चित्रं कुठे असावीत यावर सीरियाच्या लोकांशी बोलणी व्हायलाच हवीत. पण नोंदीसकट गेलेली वस्तू नोंदीसकट परत येऊ शकते. चोराने खणलेल्या खड्ड्याला काहीच परत करता येत नाही. आणि असे खड्डे ड्युरामध्येच पडले आहेत. २०११ नंतरच्या यादवीत तिथे एवढी खणाखणी झाली की उपग्रहांच्या छायाचित्रांवरून केलेल्या पाहणीत एप्रिल २०१४ पर्यंत तटाच्या आतला सुमारे ७६ टक्के भाग उद्ध्वस्त झालेला दिसला. आत खड्डे इतके दाट होते की सुटे मोजता आले नाहीत; तटाबाहेर सुमारे ३,७५० मोजले गेले. त्या शहराचा मोठा भाग अजून खणायचा होता. दुसरं प्रार्थनाघर तिथे होतं की नाही, हे आता बहुधा कधीच कळणार नाही.

खणणाऱ्या गावकऱ्याला मी दोष देत नाही. युद्धात होरपळलेल्या, हाताला काम नसलेल्या माणसाने फावडं उचललं तर त्याला नीतिशास्त्र शिकवायचा अधिकार आपल्याला नाही. त्याला मिळतात ते चार पैसे. त्याच्यापुढच्या चार हातांत किंमत शेकडो पटींनी वाढते. साखळी तोडायची तर ती दुसऱ्या टोकाला तोडावी लागते, जिथे वातानुकूलित दालनात तज्ज्ञ 'वस्तू अस्सल आहे' असं प्रमाणपत्र देतो. तज्ज्ञाच्या सहीने किंमत वाढते, आणि वाढलेली किंमत उद्याचे खड्डे खणायला लावते.

आपल्याला हे दूरचं वाटू नये. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४०च्या दशकात सातवाहनकालीन वस्तीच्या अवशेषांत समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन कांस्यमूर्ती मिळाली. भूमध्य समुद्राच्या परिसरात अशा मूर्ती कमी नाहीत. कोल्हापूरच्या मूर्तीला मोल आहे ते ती पंचगंगेच्या काठी मिळाली म्हणून. तीच मूर्ती लंडनच्या दुकानात दिसली असती तर दख्खनच्या व्यापाराबद्दल तिने एक अक्षर सांगितलं नसतं. आणि तमिळनाडूतल्या श्रीपुरंतानच्या मंदिरातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने खोट्या कागदपत्रांवर विकत घेतला, तो २०१४ साली परत आला, तेव्हा आपल्याला आनंद झाला तो कशाचा? देव आपल्या गावाचा होता याचा. हाच न्याय सीरियाच्या आणि इजिप्तच्या गावांना लागू होतो.

कायदे नाहीत असं नाही. १९७० चा युनेस्को करार आहे. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. १५ मार्च २०११ नंतर सीरियातून बेकायदा बाहेर गेलेल्या प्राचीन वस्तूंच्या व्यापारावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने फेब्रुवारी २०१५ मध्ये बंदी घातली. पण कायदा चोरीच्या मागे धावतो, आणि 'एका जुन्या खासगी संग्रहातून, १९७० पूर्वी' हे पालुपद प्रत्येक विक्रेत्याला पाठ झालं आहे. म्हणून सिद्ध करण्याची जबाबदारी उलटी हवी. चोरीची नाही हे विकणाऱ्याने दाखवावं. चोरीची आहे हे सीरियाने सिद्ध करत बसायला लागू नये. नियतकालिकांनी अशा वस्तूचं पहिलं प्रकाशन नाकारावं. पदवीच्या विद्यार्थ्याला अशा तुकड्यावर प्रबंध देऊ नये. अपवाद करायचाच असेल तर एकच: वस्तू आधी तिच्या देशाच्या ताब्यात जावी, मग अभ्यास व्हावा.

यात काही खऱ्या गोष्टी आपल्या हातून जातील. एखादं खरं शुभवर्तमान एखाद्या तिजोरीत न वाचलेलं राहील. मला ते पचवणं जड जातं, तरी ते मान्य करून मी हे लिहितो आहे; कारण न वाचलेल्या एका पानाच्या बदल्यात न खणलेली संपूर्ण वस्ती वाचत असेल तर मी वस्ती निवडेन. वस्त्या अजून बोलतात. २००५ साली इस्राएलमध्ये मगिद्दो इथल्या तुरुंगाच्या आवारात, विस्ताराच्या आधीच्या उत्खननात, मोझेकची फरशी निघाली. खणायला तुरुंगातलेच कैदी होते. उत्खनन करणारे ती इ.स. २३०च्या सुमाराची मानतात. त्यावर ग्रीकमध्ये लिहिलं आहे की देवप्रिय अकेप्तूसने 'देव येशू ख्रिस्ताला' स्मरण म्हणून मेज अर्पण केलं. फरशीचा खर्च गायानस या रोमन सैन्यातल्या शतपतीने केला. प्रिमिला, किरियाका, दोरोथेआ आणि ख्रेस्ते या चार स्त्रियांची आठवण ठेवा, असंही त्यावर आहे. आणि ही जागा रोमन सेनेच्या सहाव्या पलटणीच्या छावणीला लागून आहे, म्हणूनच गायानसचं नाव वाचताना आपण थबकतो: छळाच्या कथांमधलं सैन्य आणि मंडळीच्या फरशीचा खर्च करणारा अधिकारी एकाच छावणीत होते. ती फरशी २०२४ साली उचलून प्रदर्शनासाठी वॉशिंग्टनला, त्याच बायबल संग्रहालयात नेली गेली, रीतसर परवानगीने. माझ्या मते ती तिथल्या तिथेच, छावणीच्या शेजारी, लोकांना पाहायला खुली करायला हवी होती, आणि प्रदर्शन संपल्यावर तिची जागा तीच असायला हवी.

सीरियात आता सत्ता बदलली आहे. ड्युरातून निघालेल्या वस्तू आजवर कुणाच्या तरी गोदामात दबा धरून असतील, तर त्या पुढच्या दहा-वीस वर्षांत हळूहळू बाहेर येतील, नव्या नावांनी, नव्या कागदांसह. त्यांच्यासोबत खळबळजनक मथळेही येतील, मराठीतसुद्धा. तेव्हा बातमी लिहिणाऱ्याने येशूविषयी, मरियेविषयी, व्हॅटिकनविषयी जे विचारायचं ते विचारावं; पण त्याआधी एवढं विचारावं की हे कोणत्या खड्ड्यातून, कोणत्या साली, कोणी काढलं, आणि उत्तर मिळेपर्यंत बातमी छापू नये.